गुरं बोलावणारी बाई

वरसे, रोहा
रविवार, १४ डिसेंबर १९९७

प्रिय किमया,

गुरुवारी मी पेणला आले होते. तुला हे कुणी सांगितलं नसणार, कारण मला कुणी पाहिलंच नाही. माझं काम बाराच्या आत आटोपलं आणि रोह्याची गाडी दीडला होती. स्टँडवर बसून राहावं की तुमच्या गल्लीत एक फेरी मारावी, हे ठरवेपर्यंत पाय चालायलाही लागले होते. गल्लीच्या तोंडाशी कारखान्यातल्या पांढऱ्या गणेशमूर्ती उन्हात वाळत ठेवल्या होत्या. मी त्यांच्या आडोशाला उभी राहिले, चोरासारखी. तिथून चार पावलांवर हिरामणमामांची पुढची खिडकी उघडी होती आणि आत टेप चालू होता. आपली ती बाई गात होती, गुरं बोलावणारी. मधे जिथे फीत जराशी अडखळते तिथे ती अजून अडखळते. मग कुणा मुलीचा आवाज आला, "शी, हे काय गो? कोण रडतंय?" तू म्हणालीस, "रडत नाहीये. डोंगरावरून गुरं बोलावतेय ती." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" आणि तू म्हणालीस, "मला कुणीतरी सांगितलं होतं."

मी तशीच मागे फिरले. गाडीत नागोठण्यापर्यंत तोच शब्द डोक्यात फिरत होता. कुणीतरी. रागावले नाही गं. माझं नाव घेतलं असतंस तर मी कोण, कुठे असते, तू माझ्याकडे का नाहीस, हे सगळं त्या मुलीला सांगत बसावं लागलं असतं. एवढं मलाही कळतं. पण घरी येऊन भात टाकला आणि तो लागेपर्यंत लक्षात आलं नाही. तेव्हा ठरवलं, आता लिहायचं. तुला ठाऊक असलेलं पुष्कळसं पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस. माझ्या बाजूनं ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

ब्याण्णवच्या वैशाखात मी या घरात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तू अकराची. दहावीनंतर दहा वर्षं मी कोलाडला हायवेवरच्या आमच्या खानावळीत भाकऱ्या थापल्या. स्थळं यायची, जेवून जायची. तुझ्या बाबांचं स्थळ आलं तेव्हा माझी आई म्हणाली, "बिजवर हाय, पोर हाय, पण माणूस बोटीवर असतो. तुला त्याचा जाच नाय." जाच कशाचा, त्यांची ओळख होण्याआधीच ते गेले. लग्नाला महिना होत नाही तोच नॉर्वेच्या कंपनीची तार आली आणि ते नऊ महिन्यांसाठी मालवाहू बोटीवर चढले. या दोन खोल्यांत मागे राहिलो आपण दोघी. तू मला कशानंच हाक मारायची नाहीस. "ऐक ना," एवढंच. शेवटी शेजारच्या ठमाबाईंनी तुला दटावलं, "मावशी म्हण गो तिला, तोंड नाय झिजत." दुसऱ्या दिवसापासून तू मावशी म्हणायला लागलीस, शाळेत बाईंना हजर म्हणावं तशी.

तू शाळेतून आलीस की दप्तर टाकायचीस आणि टेपसमोर मांडी घालून बसायचीस. सहा कॅसेट होत्या. त्यांच्यावर शाईनं लिहिलेली ती परकी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर वाटोळं, कुणाच्या पोटातून तिरकी रेघ. तुझी आई गेली त्या वर्षी बाबा सुट्टीवर आले आणि तुझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी खिशातून त्या कॅसेट काढून तुझ्यापुढे ठेवल्या, असं त्यांनीच मला सांगितलंय. बोटीवरच्या आर्ने नावाच्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं आपल्या गावाकडचं, शेजारच्या स्वीडनचं, कुठलं कुठलं संगीत भरून दिलं होतं, 'तुझ्या मुलीला' म्हणून. मला ते आधी सहन व्हायचं नाही. कुणीतरी व्हायोलिन घेऊन बसलाय आणि तेच तेच घासतोय, थांबतोय, पुन्हा घासतोय. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच घासायची. तुलाही ते कळायचं. मग तू आवाज वाढवायचीस.

पुस्तकांचं मात्र उलट झालं. वाचनालयातून तू आठवड्याला दोन कादंबऱ्या आणायचीस, तुझ्या वयाच्या मुलामुलींच्या. दुपारी घरात मी एकटी. भाकऱ्या थापायची सवय असलेल्या बाईला दोन माणसांचा स्वयंपाक किती वेळ पुरणार? एकदा तुझी उशी उचलली तर खाली पुस्तक. दोघी बहिणी बापाचा पाय मोडल्यावर त्याची होडी चालवायला घेतात, ती गोष्ट. उभ्या उभ्या चार पानं वाचली, मग बसून चाळीस. खरं सांगायचं तर मला त्या बहिणींची काळजी नव्हती. मला बघायचं होतं की ही मुलगी, जी माझ्याशी चार शब्द बोलत नाही, ती रोज दोन तास कुणाशी बोलते. मी तुझ्या खुणेचा कागद होता तिथेच ठेवायची आणि माझ्यासाठी बसचं तिकीट घालून ठेवायची, पुस्तक परत उशीखाली. आठ दिवस मला वाटत होतं मी फार हुशार आहे. नवव्या दिवशी माझ्या तिकिटाच्या जागी कॅलेंडरचा पाठकोरा कागद, त्यावर तुझं अक्षर. 'पान ८४ च्या पुढे जाऊ नकोस. मी तिथे आहे.'

खानावळीच्या गल्ल्यात हात घालताना बापानं पकडावं, तसं झालं मला. स्टो बंद केला, पुन्हा वाचलं. कागद फाडून टाकला नव्हतास, पुस्तक लपवलं नव्हतंस, नुसतं थांब म्हणाली होतीस. मी त्याच कागदावर खाली लिहिलं, 'मी १२० वर पोचले. काही सांगत नाही. पण कुत्र्याला काही होत नाही.' संध्याकाळी जेवताना तू दुसऱ्यांदा आमटी मागितलीस. या घरात तू तोवर कधी काही मागितलं नव्हतंस.

आणि मग ती बाई. त्र्याण्णवचा श्रावण असेल. मी वाल सोलत बसले होते, तू सहावी कॅसेट लावली होतीस. नेहमीचं घासणं संपलं आणि एकाएकी बाईचा आवाज उठला, उंच, इतका उंच की घशातून येतोय की आभाळातून तेच कळेना. शब्द नाहीत, वाद्य नाही. वर जाऊन तुटायचा, थोडं थांबायचा, जणू काही ऐकतोय, पुन्हा वर. माझे हात थांबले. मी म्हटलं, "अगं, ही गुरं बोलावतेय!" तू असं पाहिलंस माझ्याकडे. मी म्हटलं, "खरंच. आमची यशोदा आत्या अशीच बोलवायची. कोलाडच्या वरच्या माळावरून. हूऽऽ करायची आणि गप्प राहायची, घंटा वाजते का ऐकायला. ही बघ, ही पण थांबते." तू फीत मागे नेलीस. आपण दोघींनी पुन्हा ऐकलं. आणि खरंच गं, अगदी लांब, वाऱ्याआड, एक घंटा होती. तू शंभरदा ऐकलेल्या त्या कॅसेटमध्ये ती तुला कधी ऐकू आली नव्हती. तू त्याच दिवशी बाबांना पत्र लिहिलंस. तीन महिन्यांनी कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं: आर्ने म्हणतो, बरोबर आहे, उन्हाळ्यात डोंगरावर गुरं घेऊन राहणाऱ्या बाया अशा हाका मारतात, पण तुमच्याकडे हे कळलं कुणाला? तू ते पत्र घेऊन ठमाबाईंकडे धावलीस आणि मी दाराआडून ऐकलं. "मावशीला कळलं. आमच्या मावशीला." 'आमच्या' म्हणालीस. तुला आठवत नसेल.

त्यानंतरची दोन वर्षं मी रोज मोजून काढते, जपमाळ ओढावी तशी. नावं वाचता येत नाहीत म्हणून आपणच गाण्यांची बारशी केली. ते धावपळीचं व्हायोलिन म्हणजे 'ठमाबाईच्या कोंबड्या'. संथ, पसरट वाजायचं ते 'मिठागर', कारण तुझ्या आईच्या गावी दुपारी असंच सगळं पांढरं आणि गप्प असतं असं तू म्हणालीस. आईबद्दल तू माझ्यापाशी बोललीस ते तेव्हा पहिल्यांदा. त्या व्हायोलिनला वरच्या तारांखाली आणखी तारा असतात, सारंगीला असतात तशा, त्यांना कुणी गज लावत नाही, वरच्या वाजल्या की त्या आपल्याआप घुमतात, हे बाबांनी सुट्टीत सांगितलं तेव्हा तू आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हतीस. शनिवारी आपण कुंडलिकेच्या काठानं वाचनालयात जायचो. दिनानाथ ग्रंथपाल तुझं कार्ड काढायचे आणि मला म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला मोठ्यांची एखादी कादंबरी देऊ?" मी म्हणायची, "नको, आम्ही दोघी एकच वाचतो." घरी आल्यावर आधी कोण वाचणार यावरून भांडण. मग शेवटावरून भांडण. ती मुलगी आठवते, रेवा, भाऊ धरणाच्या कामावर निघून गेला म्हणून त्याला शोधायला चालत जाते? झोपडी सापडते आणि भाऊ कालच पुढे गेलेला असतो. ती परत येते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बसते. मी ढसाढसा रडले आणि म्हटलं, लिहिणाऱ्याला भेटवता आलं नसतं का, त्याचं काय जात होतं? तू म्हणालीस, "मावशी, भेटला असता तर मी हे पुस्तक फेकून दिलं असतं. खरं असंच असतं." तेरा वर्षांची होतीस. मी वाद थांबवला, कारण खरं कसं असतं ते तुला माझ्याआधी कळलेलं होतं.

इकडची खबर सांगते. वाचनालयात पोरांच्या कपाटाला नवी काच बसली. दिनानाथांना मोतीबिंदू झालाय, शिक्का दोनदा मारतात. नवीन कादंबऱ्या आल्या की ते माझ्यासाठी बाजूला काढतात, आता मोठ्यांची देऊ का विचारत नाहीत. तू गेल्यापासून मी एकतीस वाचल्या. त्यातली एक तुला फार आवडेल, सर्कशीतला न बोलणारा मुलगा आहे तिच्यात, शेवट अगदी तुझ्यासारखा, कडू. वाचताना मी अजून कागद घालते. त्यावर लिहितेही काहीबाही, आणि पुस्तक परत करताना काढून घेते. टेप आहे पण कॅसेट तू नेल्यास. बाबांना मी मागे सांगितलं, तसल्याच आणा. त्यांचा आर्ने आता निवृत्त झाला, तर बाबांनी बंदरावरच्या दुकानातून आपल्या अकलेनं एक आणली. लावली तर धाडधाड ढोल आणि पोरंपोरी एका सुरात ओरडतायत. ठमाबाई म्हणाल्या, "हळदीला बरी हाय." मी 'मिठागर' गुणगुणायला जाते. सुरुवात येते, शेवट येतो, मधलं हातातून सुटून जातं. दोन वर्षांत मधलं पार विसरले. गुरुवारी मूर्तींच्या आड वाट बघत होते ते लागेल म्हणून, पण तेवढ्यात ती मुलगी बोलली.

आता पंचाण्णवच्या मे महिन्याचं. त्याला मी इतका वेळ वळसा घालत होते, तू ओळखलंच असशील. त्या महिन्यात माझं काही ठिकाणावर नव्हतं. सकाळी उठवायचं नाही, फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, तू काही विचारलंस तर मी खेकसायची. एका दुपारी मी डोकं धरून पडले होते आणि तू सहावी कॅसेट लावलीस. आणि मी ओरडले, "बंद कर ते रडगाणं!" रडगाणं. मी म्हणाले. इतर कुणीही म्हणालं असतं तर तू भांडली असतीस. तू नुसता टेप बंद केलास, कॅसेट डबीत घातलीस, सहाही कॅसेट बुटाच्या खोक्यात घालून खोक्याला सुतळी बांधलीस. मी उठून तुझ्यापाशी यायला हवं होतं. संध्याकाळी येऊ म्हटलं, मग सकाळी. तीन आठवडे मी उद्या उद्या करत होते.

मग नऊ जूनला हिरामणमामा आले. डोलवीच्या कंपनीतली रात्रपाळी करून परस्पर आले होते, डोळे लाल. चहा घेतला आणि म्हणाले, पेणची शाळा चांगली आहे, आई एकटी असते, पोरीला नेतो. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "मी जाऊ?" मी कणीक मळत होते. परातीतून मान वर न करता मी म्हटलं, "जा." एवढंच, किमया. तुझे कपडे मीच घडी केले. खोकं तू स्वतः उचललंस. गाडी सुटताना तू खिडकीत होतीस पण दुसऱ्या बाजूला.

गेल्या वर्षीच्या दिवाळीला बाबा आले म्हणून तू चार दिवस आलीस. उंच झाली होतीस. माझ्याशी पाहुणीसारखी बोललीस, भांडी घासू का विचारलंस. भाऊबीजेच्या दुपारी एकदम म्हणालीस, "वाचनालयाचं माझं कार्ड बंद केलंस का?" मी म्हटलं, "नाही, चालू आहे." तू जरा वेळ उभी राहिलीस. मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. तेवढ्यात बाबांनी हाक मारली आणि तू गेलीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या गणपतीत बाबा तुला भेटायला पेणला आले तेव्हा मी डोकं दुखतंय सांगून घरी राहिले.

तर ऐक. त्या मे महिन्यात मला दिवस गेले होते. तुला कळलं नव्हतं, चौदा वर्षांच्या मुलीला कसं कळणार? मी घाबरले होते. पेणच्या आजी चार दिवस आपल्याकडे राहायला आल्या होत्या त्यांना मी सांगितलं, माझी आई जवळ नव्हती म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं झालं गो. पर माझी नात मी नेते. तुला वाईट बोलत नाय. मला सावत्र आय होती. तिला तिचं झालं त्या दिवसापास्नं मी त्या घरात कामाची बाई झाले. तू बी वाईट नायस, ती बी वाईट नव्हती. व्हतंच ते." मी म्हटलं, माझं तसं होणार नाही. त्या म्हणाल्या, "तिनं बी आसंच सांगितलं व्हतं." आजींना दोष देऊ नकोस. त्यांनी आपली मुलगी गमावली होती, नात घालवायची नव्हती. दोष माझा. मामा आले त्याच्या तीन आठवडे आधी मी तुझ्या अंगावर ओरडले होते, आणि मला वाटलं, सुरुवात झाली की काय? आजी म्हणतात ती बाई मी होतेय की काय? आणि हेही लिहिते, कारण अर्धंच खरं लिहायचं असेल तर हे पत्र फाडलेलं बरं. तू गाडीत बसलीस तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला हलकं वाटलं होतं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी मी दोघींचा भात टाकला आणि ताट वाढून बसले.

तू गेलीस त्याच्या सतराव्या दिवशी ते गेलं. चौथा महिना होता. ठमाबाईंनी रिक्षा आणली, त्याच माझ्याजवळ बसल्या, त्यांनी आजवर तोंडातून शब्द काढलेला नाही. बाबांना पत्र पोचायला दोन महिने लागले. मी दवाखान्यातून घरी आले आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता किमयाला आणू. चपला पायात घातल्या होत्या, खरंच. मग दारातच थांबले. आजींना काय सांगणार होते? त्यांनी विचारलं असतं, स्वतःचं होतं तेव्हा दिलीस, आता स्वतःचं राहिलं नाही म्हणून न्यायला आलीस? आणि तुला काय सांगणार होते? एक जागा रिकामी झाली, ये, बस? तू मोठी झाल्यावर कधीतरी तुला कळलं असतं आणि तू मला विचारलं असतंस, मी तुला हवी होते की कुणीतरी हवं होतं? तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसतं. म्हणजे उत्तर होतं, पण तू त्यावर विश्वास का ठेवावास? मी चपला काढल्या. अडीच वर्षं मी तुला बोलावलं नाही याचं कारण हे आहे. तू नको होतीस म्हणून नाही. रिकाम्या हातानं मागायला मला लाज वाटली.

गुरुवारी पेणला मी डॉक्टरीणबाईंकडे आले होते. चौथा सरतोय. मागच्या वेळी ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा ओलांडला, त्या म्हणाल्या सगळं नीट आहे, मे महिन्यात होईल. मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांना नाही, कोलाडला आईला नाही, ठमाबाई ओळखून असतील तर देव जाणे. पहिलं तुला सांगतेय. बाळंतपण कोलाडला होणार आहे, माझी आई आणि वहिनी आहेत, पाण्याचा हंडासुद्धा तुला उचलायचा नाही, बाळाला धरायलाही मी तुला बोलावत नाही. आता या घरात कुठलीही जागा रिकामी पडलेली नाही, आणि तरी तू मला हवी आहेस, म्हणून आता मला मागता येतं. आजींना मी वेगळं पत्र लिहिलंय, त्या नाही म्हणाल्या तर मी येऊन त्यांच्या पाया पडेन, पण तुझं हो किंवा नाही हे तूच सांगायचं. कायमची ये, नाहीतर बारावीपुरती ये, नाहीतर दोन दिवस ये आणि मला काय बोलायचं ते तोंडावर बोलून जा. येत्या शनिवारी सकाळी पेणहून जी गाडी अकराला रोह्याला पोचते, त्या गाडीला मी स्टँडवर उभी असेन. तू नसलीस तर त्याच्या पुढच्या शनिवारी येईन. त्यातही नसलीस तर त्याच्याही पुढच्या.

तुझीच,
मथुरामावशी